सात मेगाहर्ट्झवर नवख्याने कसे वावरावे: हौशी रेडिओ आणि प्रसारण केंद्रांचा शेजार

हॅम रेडिओकडे, म्हणजे परवाना घेऊन छंद म्हणून चालवल्या जाणाऱ्या हौशी रेडिओकडे, नव्याने वळलेला माणूस बहुधा ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावरच पहिल्यांदा कान लावतो, कारण महाराष्ट्रातले आणि शेजारच्या राज्यांतले हॅम दिवसा हमखास तिथे भेटतात. सकाळी पुणे, बंगळुरू, हैदराबाद अशा ठिकाणांहून चाललेल्या गप्पा त्याला स्वच्छ ऐकू येतात. रात्री मात्र त्याच आकड्यांवर चिनी बातम्या, आफ्रिकेतले संगीत, एकसुरी शिट्ट्या आणि अखंड गोंगाट भरलेला आढळतो, आणि ‘प्रसारण केंद्रांनी हॅमची जागा बळकावली आहे’ असे अनुमान तो काढून मोकळा होतो. हे अनुमान कधी अगदी बरोबर असते. मात्र पुष्कळदा ते केंद्र आपल्या हक्काच्या जागी असते आणि दोष आपल्या रिसीव्हरचा, घरातल्या दिव्यांचा किंवा निवडलेल्या वेळेचा असतो. या पट्ट्यावर सुखाने वावरायचे असेल तर कोण हक्काने बोलतो आहे, कोण घुसलेला आहे आणि कोणता आवाज मुळात आकाशातून आलेलाच नाही, हे आधी ओळखता आले पाहिजे. प्रक्षेपणाचे बटण दाबणे त्यानंतरचे काम आहे.

पायरी पहिली: हद्दी पाठ करा

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने, म्हणजे आयटीयूने, फ्रिक्वेन्सीच्या वाटपासाठी जगाचे तीन प्रदेश पाडले आहेत. युरोप, आफ्रिका, अरबस्तान आणि पूर्वीच्या सोव्हिएत संघाचा मुलूख पहिल्या प्रदेशात येतो. उत्तर आणि दक्षिण अमेरिका दुसऱ्या प्रदेशात. आणि भारतासह आशियाचा बराचसा भाग, ऑस्ट्रेलिया आणि पॅसिफिकमधली बेटे तिसऱ्या प्रदेशात येतात. हॅम ज्याला ४० मीटरचा पट्टा म्हणतात आणि शॉर्टवेव्हचे श्रोते ज्याच्या वरच्या भागाला ४१ मीटरचा पट्टा म्हणतात, त्याच्या हद्दी या प्रदेशांनुसार बदलतात. ७००० ते ७२०० किलोहर्ट्झ हा भाग जगभर हौशी रेडिओकडे आहे. ७२०० ते ७३०० हा भाग अमेरिका खंडात हौशी रेडिओकडे, तर आपल्याकडे आणि युरोप-आफ्रिकेत प्रसारणाकडे आहे. ७३०० ते ७४०० जगभर प्रसारणासाठी आहे आणि ७४०० ते ७४५० पहिल्या व तिसऱ्या प्रदेशातल्या प्रसारणासाठी. म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीवर दोघांचाही कायदेशीर हक्क आहे अशी खरीखुरी सामाईक जागा फक्त १०० किलोहर्ट्झची आहे, आणि तीही वेगवेगळ्या खंडांत बसलेल्यांच्या दृष्टीने. भारतातल्या हॅमला ७२०० च्या वर प्रक्षेपण करण्याचा हक्क नाही, हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.

ही वाटणी नेहमीच अशी नव्हती. १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेने ७००० ते ७३०० हा सबंध पट्टा जगभरच्या हौशी मंडळींना दिला होता. १९३८ मध्ये कैरोच्या परिषदेत अमेरिका खंडाबाहेर त्याच्या वरच्या भागात प्रसारकांना प्रवेश मिळाला, आणि महायुद्धानंतरच्या परिषदांमध्ये आशिया-युरोपातल्या हॅमची जागा आक्रसत जाऊन अखेर ७००० ते ७१०० एवढीच उरली. अमेरिकेतले हॅम मात्र ७३०० पर्यंत बोलत राहिले, त्यामुळे कित्येक दशके भारतीय हॅम ७१०० च्या खाली बोलत असे, समोरचा अमेरिकन वरच्या भागातून उत्तर देत असे, आणि दोघेही दोन फ्रिक्वेन्सींवर आलटून पालटून कान लावत असत. १९९२ च्या जागतिक परिषदेने ही विसंगती दूर करण्याची शिफारस केली आणि २००३ च्या जिनिव्हा परिषदेत तसा निर्णय झाला. ७१०० ते ७२०० या भागातून प्रसारकांनी बाहेर पडायचे आणि त्या बदल्यात त्यांना ७४५० पर्यंतची जागा मिळायची, असे ठरले. अंमलबजावणीची तारीख होती २९ मार्च २००९. तो मार्चचा शेवटचा रविवार होता, म्हणजे जगभरची शॉर्टवेव्ह केंद्रे आपले हंगामी वेळापत्रक बदलतात नेमका तोच दिवस.

या स्थलांतरात आकाशवाणीलाही हलावे लागले. मुंबई केंद्राची शॉर्टवेव्ह सेवा ७१९५ किलोहर्ट्झवरून ७२४० वर गेली आणि हैदराबादची ७१४० वरून ७४२० वर. जुन्या श्रोत्यांच्या वह्यांत किंवा जुन्या पुस्तकांत सापडणारे ७१०० ते ७२०० मधले आकाशवाणीचे आकडे म्हणूनच आज कामाचे नाहीत.

या नकाशाला एक तळटीप आहे आणि ती बहुतेक नवखे वाचत नाहीत. चीन, इंडोनेशिया, ऑस्ट्रेलिया अशा काही देशांनी ७१०० ते ७२०० या भागात स्थिर आणि फिरत्या संदेशवहनाचाही हक्क राखून ठेवलेला आहे. त्यामुळे त्या भागात कॉल साइन, म्हणजे परवान्याबरोबर मिळालेली ओळख, न देता बोलणारा प्रत्येक आवाज घुसखोरच असतो असे नाही. प्रसारणाला मात्र ही तळटीप लागू होत नाही. ७२०० च्या खाली बातम्या आणि गाणी लावणारे केंद्र, ते कोणत्याही देशाचे असो, नियमाबाहेर आहे.

पायरी दुसरी: ऐकण्याची सामग्री

ऐकायला फार खर्च येत नाही, पण एक अट आहे: रिसीव्हरमध्ये साइडबँड ऐकण्याची सोय हवी. प्रसारण केंद्रे एएममध्ये, म्हणजे मधली वाहक लहर आणि तिच्या दोन्ही बाजूंचे पंख पाठवून बोलतात; हॅम या पट्ट्यावर त्यातला फक्त खालचा पंख पाठवून, म्हणजे लोअर साइडबँडमध्ये किंवा एलएसबीमध्ये बोलतात. घरातल्या जुन्या ट्रान्झिस्टरवर हॅमचे बोलणे नुसते घोगरे, अगम्य पुटपुटणे वाटते. टेकसन किंवा एक्सएचडेटाचा साइडबँड असलेला हातात मावणारा सेट, किंवा संगणकाला जोडायचा शॉर्टवेव्ह पकडणारा एसडीआर (सॉफ्टवेअरवर चालणारा रिसीव्हर) डाँगल, यांपैकी काहीही सुरुवातीला पुरते. यातला दुसरा पर्याय शिकण्यासाठी मला अधिक उपयुक्त वाटतो, कारण पडद्यावर एएम केंद्राची मधली ठळक रेघ आणि तिच्या दोन्ही बाजूंना पसरलेले सारखे पंख, तर शेजारी हॅमचा एकतर्फी अरुंद पट्टा, हे डोळ्यांना दिसते आणि कान लवकर तयार होतो. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा इंटरनेटवरून चालवता येणारा रिसीव्हर किंवा जगभर विखुरलेले किवीएसडीआर नावाचे तसेच रिसीव्हर यांवर युरोपात काय ऐकू येते आणि आपल्याकडे काय, याची तुलनाही करता येते.

अँटेनासाठी साधा द्विध्रुव, ज्याला सगळे डायपोल म्हणतात, तो पुरे. १४३ या आकड्याला मेगाहर्ट्झमधल्या फ्रिक्वेन्सीने भागले की मीटरमध्ये एकूण लांबी मिळते; ७.१ साठी ती सुमारे २० मीटर, म्हणजे मध्यापासून दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर तार. इमारतीच्या गच्चीवर ही तार पाच-सहा मीटरच्या वर चढवता आली नाही म्हणून हळहळणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी धीर सोडू नये. कमी उंचीवरचा डायपोल आपली शक्ती मुख्यतः वरच्या दिशेला फेकतो आणि वरून येणारे संदेश चांगले पकडतो, त्यामुळे दोन-चारशे किलोमीटरवरचे हॅम त्यावर छान ऐकू येतात, तर क्षितिजालगतच्या कोनातून हजारो किलोमीटर दूरवरून येणारी प्रसारण केंद्रे तुलनेने दबतात. या पट्ट्यावर हा फायदाच आहे.

ऐकण्याआधी घरातला गोंगाट मोजून घ्यावा. रिसीव्हर बॅटरीवर चालवून घराचा मुख्य स्विच मिनिटभर बंद करावा. खरखर एकदम उतरली तर तिचे मूळ एलईडी दिव्यात, मोबाइलच्या चार्जरमध्ये, इन्व्हर्टरमध्ये किंवा पंख्याच्या रेग्युलेटरमध्ये आहे आणि त्याबद्दल कोणत्याही परदेशी केंद्राला दोष देता येणार नाही.

पायरी तिसरी: घड्याळ आणि आयनांबर

शॉर्टवेव्हची वेळापत्रके जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे यूटीसीमध्ये लिहिलेली असतात. भारतीय वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे असते. आपल्याकडे संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा यूटीसीमध्ये १३३० झालेले असतात. नोंदी सुरुवातीपासूनच यूटीसीमध्ये कराव्यात, नंतर बदलत बसण्यात चुका होतात.

दिवसा आयनांबराचा, म्हणजे रेडिओलहरी परतवणाऱ्या वरच्या वातावरणाचा, खालचा डी थर ७ मेगाहर्ट्झच्या लहरी बऱ्याच प्रमाणात शोषून घेतो. लांबून तिरप्या वाटेने येणाऱ्या लहरीला या थरातून अधिक अंतर कापावे लागते, म्हणून दूरची केंद्रे दिवसा जवळजवळ पुसली जातात; जवळपास सरळ वर जाऊन त्याच्या वरच्या एफ थरावरून परतणारी लहर मात्र टिकते. सकाळी साडेसात ते दहा-साडेदहा आणि दुपारी चारनंतर सूर्यास्तापर्यंतचा काळ नवख्याला म्हणूनच सोयीचा. भर दुपारी, विशेषतः उन्हाळ्यात, जवळचेही आवाज मंदावतात.

सूर्य मावळला की डी थर विरतो आणि चित्र पालटते. आपल्या पूर्वेकडे आधी अंधार पडत असल्यामुळे पूर्व आशियातली केंद्रे प्रथम वर येतात, मग मध्य आशिया, आणि रात्र चढत जाईल तसा पश्चिमेकडचा मुलूख. त्याच वेळी एफ थरही पातळ होत जातो आणि सरळ वर पाठवलेली ७ मेगाहर्ट्झची लहर परत येण्याऐवजी थर भेदून निघून जाते. त्यामुळे रात्री नऊ वाजता मुंबईतल्या हॅमला नाशिकचा मित्र ऐकू येत नाही, पण तीन-चार हजार किलोमीटरवरचे केंद्र छाती ठोकून ऐकू येते. याला प्रसारकांचा अन्याय समजू नये. ही आयनांबराची रोजची चाल आहे. रात्री जवळच्या माणसाशी बोलायचे असेल तर ३.५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर जाणे हा शहाणपणाचा मार्ग आहे.

शक्तीतल्या तफावतीचा हिशेबही एकदा कागदावर मांडून पाहावा. आकाशवाणीच्या बंगळुरूच्या शॉर्टवेव्ह केंद्रात ५०० किलोवॅटचे प्रक्षेपक आहेत. नवख्या हॅमचा सेट ५० वॅटचा धरला तर गुणोत्तर दहा हजारास एक, म्हणजे ४० डेसिबल. रिसीव्हरच्या मीटरवर एक एस घर साधारण ६ डेसिबलचे असते, तेव्हा अँटेना सारखी मानली तरी सहा-सात घरांचा फरक पडतो. प्रसारण केंद्रांच्या भव्य पडदा-अँटेना तर तो आणखी वाढवतात. आवाज चढवून ही दरी भरता येत नाही. लग्नाच्या मांडवात भोंग्याखाली उभे राहून बोलायचे असेल तर ओरडण्यापेक्षा चार पावले बाजूला होणे बरे, तेच इथे करायचे असते; ते कसे, हे पाचव्या पायरीत पाहू.

पायरी चौथी: आवाज ओळखा

एलएसबीवर ऐकताना अचानक बारीक, स्थिर शिट्टी लागली तर बहुतेक वेळा ती एएम केंद्राची वाहक लहर असते. डायल हळूहळू फिरवावी. शिट्टीचा सूर उतरत उतरत शून्याला येईल तिथे केंद्राची नेमकी फ्रिक्वेन्सी वाचावी. प्रसारण केंद्रे ५ किलोहर्ट्झच्या पटीत बसतात, त्यामुळे आकडा ७१२०, ७१४०, ७२३० असा ५ ने भागला जाणारा निघाला तर संशय बळावतो. मग एएमवर यावे आणि भाषा, संगीत, निवेदन ऐकावे. प्रत्येक पूर्ण तासाला ओळख सांगितली जाण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. तासाच्या काही मिनिटे आधी नुसती मुकी वाहक लहर सुरू होते आणि मग ओळखीची धून वाजते. आकाशवाणीची धून तर बहुतेकांच्या कानात बसलेलीच असते.

आकडा पाचच्या पटीत नसेल तर थांबून विचार करावा. आकाशवाणीचे पुणे केंद्र मध्यमलहरींवर ७९२ किलोहर्ट्झवर आहे. ७९२ ला ९ ने गुणले की ७१२८ येतात. अशा शक्तिशाली मध्यमलहरी केंद्राच्या जवळ राहणाऱ्याला जर ७१२८ वर मराठी कार्यक्रम ऐकू आला, तर तो शॉर्टवेव्हवरचा घुसखोर नव्हे. प्रबळ संदेशाने भांबावलेला आपलाच रिसीव्हर बहुधा ते अपत्य जन्माला घालतो आहे. याची परीक्षा सोपी आहे. रिसीव्हरचा ॲटेन्युएटर, म्हणजे येणारा संदेश क्षीण करणारी सोय, लावून १० डेसिबल कमी करावेत. आवाज तेवढाच, म्हणजे १० डेसिबलने उतरला तर संदेश खरा. एकदम २०-३० डेसिबलने कोसळला किंवा गायब झाला तर तो रिसीव्हरच्या आत तयार झालेला. रात्री ७२०० ते ७४५० मध्ये डझनभर बलाढ्य केंद्रे एकदम वर आली की स्वस्त रिसीव्हरमध्ये हीच भुते सगळ्या हॅम भागात पसरतात. माझ्या पाहण्यात तरी नवख्यांच्या बहुतेक तक्रारी इथेच मिटतात. लांबलचक तार सेटच्या टेलिस्कोपिक अँटेनाला थेट चिकटवण्याची हौस आधी आवरावी.

खरे घुसखोरही आहेत, आणि त्यांची ओळख करून घेणे मनोरंजक असते. एरिट्रियाचे राष्ट्रीय केंद्र ७१४० आणि ७१८० च्या आसपास बरीच वर्षे ऐकू येत आले आहे आणि ते बुजवण्यासाठी इथिओपियाकडून सोडलेला पांढरा गोंगाट, म्हणजे फसफसणारा सलग आवाज, मूळ केंद्रापेक्षा कितीतरी अधिक जागा खातो. सोमालीलँडमधले रेडिओ हर्गेसा ७१२० वर नोंदले गेले आहे. तैवानकडून चालणारे साउंड ऑफ होप हे केंद्र जागा बदलत राहते आणि त्याला दाबण्यासाठी चीनकडून त्याच फ्रिक्वेन्सीवर चीनचे पहिले राष्ट्रीय केंद्र चढवले जाते; दोन चिनी कार्यक्रम एकमेकांत मिसळलेले ऐकू आले तर हा प्रकार आठवावा. यांच्याखेरीज दहा-वीस किलोहर्ट्झ रुंद ‘टर्रर्र’ असा ठेका धरणारे क्षितिजापलीकडचे रडार असते, आणि ७०३९ च्या अलीकडे-पलीकडे मोर्समधले एकच अक्षर तासन्‌तास पाठवणारे रशियन नौदलाचे बीकन, म्हणजे खुणेचे प्रक्षेपक असतात. त्यांचा प्रसारणाशी संबंध नाही, पण नवखे त्यांची नोंद हमखास प्रसारण म्हणून करतात.

पायरी पाचवी: बाजूला होण्याचे गणित

एएम केंद्र आपल्या वाहक लहरीच्या दोन्ही बाजूंना सुमारे ५-५ किलोहर्ट्झ जागा व्यापते. आपले एलएसबीचे बोलणे डायलवरच्या आकड्यापासून खाली सुमारे ३ किलोहर्ट्झपर्यंत जाते. ७१४० वर घुसखोर असेल तर तो ७१३५ ते ७१४५ व्यापतो. खाली सरकायचे ठरवले तर डायल ७१३४ वर पुरते, कारण आपले बोलणे ७१३१ ते ७१३४ मध्ये मावते. वर सरकायचे ठरवले तर ७१४६ वर भागत नाही. आपला खालचा पंख ७१४३ पर्यंत जाऊन केंद्रात अडकतो, म्हणून डायल ७१४८ च्या पुढे न्यावी लागते. एलएसबी वापरताना घुसखोराच्या खाली जाणे वर जाण्यापेक्षा स्वस्त पडते, एवढे ध्यानात ठेवले की रात्रीच्या गर्दीतही फट सापडते.

जागा बदलणे शक्य नसेल, उदाहरणार्थ ठरलेल्या वेळी ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर मंडळी जमणार असतील, तर क्रमाने पुढील उपाय करावेत. आधी नॉच फिल्टरने, म्हणजे एकच सूर गाळणाऱ्या सोयीने, शिट्टी कापावी. तिच्याशिवायचा उरलेला आवाज बराच सुसह्य होतो. मग फिल्टरची रुंदी २.४ किंवा १.८ किलोहर्ट्झपर्यंत आणावी. आरएफ गेन, म्हणजे रिसीव्हरची संवेदनशीलता, कमी करावा, कारण प्रबळ वाहक लहर रिसीव्हरचा आपोआप आवाज सांभाळणारा भाग ताब्यात घेते आणि दुबळ्या हॅमचा आवाज तिच्याबरोबर दबतो. वळवता येणारी लहानशी लूप अँटेना जमिनीलगत येणाऱ्या घरगुती गोंगाटाला चांगली मारते, आकाशातून येणाऱ्या दूरच्या केंद्राला मात्र तितकीशी नाही. विक्रेते काहीही सांगोत. बोलण्याऐवजी मोर्सवर आलात तर अर्ध्या किलोहर्ट्झच्या फिल्टरमध्ये काम होते, आणि ७०७४ वर चालणारा एफटी८ हा संगणकी प्रकार तर ऐकू न येणारे संदेशही उकलतो. मोर्समधली मंडळी ७०३० च्या परिसरात कमी शक्तीवर भेटतात.

पायरी सहावी: प्रक्षेपण

ऐकायला परीक्षा लागत नाही, बोलायला लागते. भारतात हौशी केंद्राचा परवाना दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी (वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन) शाखा देते, त्यासाठी परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते, आणि परवान्याच्या प्रकारानुसार व्हीयू२ किंवा व्हीयू३ ने सुरू होणारी कॉल साइन मिळते. आपल्या परवान्यावर लिहिलेल्या फ्रिक्वेन्सी आणि शक्तीची मर्यादा हीच अंतिम. मित्राच्या परवान्यावर काय आहे ते पाहू नये.

हद्दीजवळ डायल वाचताना विशेष जपावे. एलएसबीमध्ये डायल ७२०० वर असेल तर बोलणे ७१९७ ते ७२०० मध्ये असते, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या हद्दीत. पण डायल किंचित चुकीची असेल किंवा माइकचा गेन वाढून बोलणे पसरले तर प्रसारकाच्या जागेत पाय जातो. दोन-तीन किलोहर्ट्झ अंतर राखून राहावे. खालच्या टोकाला उलटे होते: ७००० वर एलएसबी लावली तर सगळेच बोलणे पट्ट्याबाहेर पडते. ७११० ही आपल्या प्रदेशात आणीबाणीच्या संपर्कासाठी मध्यवर्ती मानलेली फ्रिक्वेन्सी आहे. पूर, भूकंप अशा काळात तिथे आधी ऐकावे आणि विचारल्याखेरीज बोलू नये.

घुसखोर केंद्रावर चिडून त्याच्याच फ्रिक्वेन्सीवर सूर लावणारे, शिट्ट्या वाजवणारे हॅम अधूनमधून आढळतात. हे करू नये. जाणूनबुजून व्यत्यय आणणे हा परवान्याचा भंग आहे, आणि पन्नास वॅटने शेकडो किलोवॅटला काही होत नाही. होतो तो फक्त शेजारी बोलणाऱ्या हॅमना त्रास. तसेच गाणी, बातम्या, जाहिराती लावून स्वतःच प्रसारक होण्याची मुभा हॅमला नाही.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी हॅमसाठी दोन शब्द वेगळे. तिथे तुमच्या परवान्याच्या दर्जानुसार ७१२५ ते ७३०० च्या भागात बोलता येते, पण संध्याकाळनंतर ७२०० च्या वर आशिया-युरोपातली प्रसारण केंद्रे चढतात आणि ती तिथे आपापल्या प्रदेशाच्या नियमानुसार हक्काने असतात. भारतातल्या माणसाशी बोलायचे तर ७२०० च्या खालीच भेटावे लागेल, आणि वेळ अशी निवडावी की एका टोकाला सूर्योदय आणि दुसऱ्या टोकाला सूर्यास्त जवळ असेल. त्या संधिप्रकाशाच्या पट्ट्यात ७ मेगाहर्ट्झची लहर आश्चर्यकारक अंतर कापते.

पायरी सातवी: तक्रार करायचीच असेल तर

हॅमने आयटीयूला थेट लिहून उपयोग होत नाही, कारण हानिकारक व्यत्ययाची तक्रार एका देशाचे प्रशासन दुसऱ्या देशाच्या प्रशासनाकडे नेते. आपल्या बाजूने दोन वाटा आहेत. आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघटनेची, म्हणजे आयएआरयूची, स्वयंसेवकांवर चालणारी देखरेख यंत्रणा प्रत्येक प्रदेशात आहे आणि भारतातून ॲमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया ही तिची सदस्य संस्था आहे. दुसरी वाट डब्ल्यूपीसी आणि तिच्या अखत्यारीतल्या वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशनची.

नोंद कशी असावी याचा नमुना असा: यूटीसीमध्ये तारीख आणि सुरू-बंद होण्याची वेळ, शून्य सुरावर आणून ०.१ किलोहर्ट्झपर्यंत मोजलेली फ्रिक्वेन्सी; एएम की अन्य प्रकार; व्यापलेली रुंदी; भाषा; तासाच्या ठोक्याला ऐकलेली ओळख, जमल्यास ध्वनिमुद्रणासह; आणि हाच कार्यक्रम ७२०० च्या वर दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर समांतर चालू होता का. शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण एखाद्या केंद्राचे नियमित प्रक्षेपण ७३०० च्या वर कायदेशीर चालू असताना प्रक्षेपकातल्या बिघाडामुळे त्याचे पिल्लू खाली पडलेले असू शकते. अशा वेळी केंद्राच्याच तांत्रिक विभागाला नम्र पत्र लिहिणे सर्वांत परिणामकारक ठरते. त्यांनाही ती गळती नको असते. वेगवेगळ्या किवीएसडीआर रिसीव्हरवर तोच संदेश ऐकून त्याच्या आगमनातल्या सूक्ष्म वेळफरकावरून साधारण जागा काढता येते, आणि ती आकृती नोंदीला जोडली तर तिचे वजन वाढते.

एका रात्रीच्या नोंदीवर कोणी हालचाल करत नाही. सलग काही आठवडे, त्याच वेळी घेतलेल्या नोंदी लागतात. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी वेळापत्रके बदलतात, म्हणून त्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात पट्टा पुन्हा खालपासून वरपर्यंत तपासावा. घुसखोर हंगामाबरोबर निघून गेला असेल तर तसे कळवून नोंद बंद करावी, आणि नव्या फ्रिक्वेन्सीवर बसला असेल तर जुन्या तक्रारीत भर न घालता नव्या आकड्यासह नवी तक्रार पाठवावी.